टॉवेलातला हात

दिवाळी सरली की सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबायला लागतं आणि आमच्या गल्लीत कुठंतरी पिल्लं होतात. दरवर्षी होतात. भाद्रपदात कुत्री रस्ताभर भांडत फिरलेली असतात, त्याचं थंडीत असं पुढं येतं. यंदा समोरच्या गटारीवरच्या फरशीखाली झाली आहेत. पाच आहेत. आठ दिवसांपासून ती बाहेर उन्हात येऊन पडतात आणि अंग गरम झालं की एकमेकांना चावायला लागतात.

मी दारातच शिलाई मशीन मांडून बसते, कारण उजेड तिथं चांगला येतो. मांडीवर टर्किश टॉवेलचा ढीग असतो. दोन्ही कडा दुमडून शिलाई मारायची, लोंबणाऱ्या दशा कात्रीनं कापायच्या, घडी घालायची. वीस वर्षं हेच करते. हातापायांना काम पाठ झालंय, त्यामुळं डोळे मोकळे राहतात. मग मी पिल्लं बघते. पांढरं पिल्लू काळ्याचा कान धरतं. काळं थोडा वेळ सोसतं. पांढरं जरा जास्त दाबतं, तसं काळं केकाटतं. लगेच पांढरं कान सोडून मागं सरतं, बावरून बघतं. काळं अंग झटकून फरशीखाली निघून जातं. खेळ मोडला. पांढरं एकटंच उन्हात उभं.

ते केकाटणं ऐकलं की माझा मशीनवरचा पाय आपोआप थांबतो. आमच्या सुजाताचे बाबा घरी असले तर विचारतात, दोरा तुटला का. मी मान हलवते. दोरा तुटलेला नसतो.

तीन वर्षं झाली त्या थंडीला.

त्याच वर्षी वैशाखात सुजाताचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. ह्यांचं सगळं आयुष्य सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर गेलं. एका शेडमध्ये वीस-पंचवीस माग खडखडतात, तिथं शेजारच्या माणसाशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागतं. इतकी वर्षं तो आवाज कानात गेलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकू येत नाही. आणि मी हळूच बोलते. लहानपणापासून तसंच. सुजाता मधे होती तोपर्यंत माझं बोलणं ती त्यांच्याकडं मोठ्यानं पोचवायची. ती गेल्यावर मी भाकरी वाढायची, ते जेवायचे, एवढाच आवाज घरात राहिला.

त्यांच्या कारखान्याच्या मागं सुताच्या कचऱ्याचा ढीग असतो. मऊ आणि उबदार. तिथं एका कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. एक दिवस तो कचरा न्यायला टेम्पो आला. माणसं ढीग उचलायला लागली तशी कुत्रीनं एकेक पिल्लू मानेला धरून भिंतीपलीकडं न्यायला सुरुवात केली. तीन नेली. चौथ्याच्या वेळेला ढिगाचा शेवटचा भाग भरायला काढला, आणि कुत्री काही दिसेना. ह्यांना वाटलं, हे टाकून गेली. कामाची पाळी सुटली होती. त्यांनी पिल्लाला टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलं आणि सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीतून घरी आणलं. डोळे नुकते उघडले होते. चालताना मागचे पाय आडवे जात होते. सुताच्या दशा अंगभर चिकटलेल्या. म्हणून नाव दशी.

दुसऱ्या दिवशी पाय धुताना, माझ्याकडं न बघता, ते म्हणाले की वॉचमननं सांगितलं, कुत्री परत आली होती. अंधार पडेपर्यंत ती रिकामी जागा उकरत होती.

मी विचारलं, नेऊन सोडायचं का तिथं. त्यांना ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल. मी पुन्हा विचारलं नाही. दशी तेव्हा माझ्या मांडीवर होती, कापसाची वात दुधात बुडवून मी तिच्या तोंडात देत होते, आणि ती वात चोखताना माझ्या करंगळीला पुढच्या पायांनी धरून ठेवत होती.

त्या थंडीचे पहिले दिवस आठवले की मला मशीनखालची ऊब आठवते. मशीन चालायचं आणि खाली माझ्या पायाशी ती झोपलेली असायची. बाहेर लख्ख कोरडं ऊन. कुणाच्या तरी घरी शेंगदाणे भाजल्याचा वास. कारखान्यांचा आवाज लांबून सारखा येत असायचा, झोपेत घोरणाऱ्या माणसासारखा. गठ्ठ्यातले नवे टॉवेल उघडले की सुताला लावलेल्या कांजीचा आंबूस वास यायचा, आणि दशी झोपेतून नाक वर करायची. तिला आईचा वास किती आठवत होता कुणास ठाऊक. कांजीचा आणि सुताचा वास मात्र तिचा स्वतःचा होता. त्यातच ती जन्मली होती.

मग दात आले. तांदळाच्या कण्यांएवढे, पण सुईसारखे. पहिल्यांदा चावली तेव्हा गंमत वाटली. मी फोनवर सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, आई, पिल्लांचे दात शिवशिवतात, मोबाईलवर दाखवतात, हात द्यायचा नसतो, चावायला कापड द्यायचं. मी हे ह्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं, तेव्हा त्यांना कळलं.

आमच्या घरात कापड म्हणजे टॉवेलच. त्यांनी डाग पडलेला एक जाड टॉवेल घेतला, पण दशीला तो जमिनीवर देऊन काय मजा. त्यांनी तो स्वतःच्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळला आणि तिच्यापुढं नाचवला. ती झेपावली, टॉवेल धरून डोकं हलवायला लागली, इवल्याशा घशातून गुरगुरायला लागली. ते हात ओढायचे, ती लोंबकळत यायची. ते हसायला लागले. आमचं लग्न झाल्यापासून त्यांना तसं हसताना मी ऐकलं नव्हतं. रोज पाळीवरून आले की आधी दशी, मग चहा.

टॉवेलात त्यांच्या हाताला काही लागत नव्हतं, म्हणून ते ओरडत नव्हते. ते ओरडत नव्हते म्हणून ती दुसऱ्या दिवशी आणखी जोरात दाबायची. टॉवेलाच्या आत हात असतो, आणि हाताला दुखतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. हे आता कळतं. तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते, पाठीमागं त्यांचं हसू ऐकत होते, आणि मला बरं वाटत होतं.

ज्या घरात दिवसभर टॉवेलातच हात असतात, त्या घरात आम्ही पिल्लाला टॉवेलावर झेपावायला शिकवलं. दुसऱ्या कुठल्या घरात हे चाललंही असतं.

पौष लागेपर्यंत माझे दोन्ही हात ओरबाडलेले होते. मी टॉवेल मशीनखाली सरकवायची, कापडाखाली बोटं हलायची, आणि दशी खालून उडी मारून तिथंच धरायची. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, करंगळीच्या बाजूला, लाल टिपके आणि रेघा. पांढऱ्या टॉवेलांवर रक्ताचे ठिपके पडले की ते वेगळे काढून ठेवावे लागायचे. मी हात हळूच सोडवून घ्यायची आणि पुढची कड दुमडायची.

उपाय सगळ्यांकडं होते. कुणी म्हणालं नाकावर टिचकी मारा. मारली, तर तिला तोही खेळ वाटला, टिचकी मारणारं बोट तिनं धरलं. कुणी म्हणालं कडुलिंब वाटून हाताला लावा. ती शिंकली, आणि जिथं लिंब नव्हता तिथं चावली. टॉवेल हिरवे झाले ते वेगळंच. कुणी मिरची सांगितली. मिरची लावून मी विसरले आणि तोच हात डोळ्याला लावला. दशी माझ्यापुढं बसून मान तिरकी करून माझं रडणं बघत होती.

नळावर पाणी भरताना बायका माझ्या हातांकडं बघायच्या. शेजारच्या खोलीतल्या एकीनं एकदा घागर माझ्याजवळ आणून हळूच विचारलं, "घरात समदं बरं हाय न्हवं, वहिनी?" मी म्हणाले, कुत्रीचं पिल्लू हाय, ते चावतं. तिनं मान हलवली. तिला ते पटलं नाही हे मला दिसत होतं. तिनं माझी घागर उचलून डोक्यावर दिली आणि म्हणाली, काही लागलं तर भिंतीवर थाप मार. ह्यांनी जन्मात माझ्यावर हात उगारला नाही, हे सांगावं असं फार वाटलं. पण सांगायचं म्हणजे मोठ्यानं सांगावं लागलं असतं, सगळ्या नळापुढं. मी घागर घेऊन आले.

आमची घरमालकीण पुढच्या घरात राहते. पद्मसाळी विणकर घरची, घरात तेलुगू बोलतात. आम्ही सगळे भाडेकरू तिला अक्का म्हणतो. तिची नात तेव्हा रांगायला लागली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अक्का आली आणि म्हणाली, पोरीला न्हाऊन पुसायला एक मऊसा टॉवेल दे. मी म्हणाले, बघून घ्या. तिनं ढिगात हात घातला, वरचे दोन बाजूला सारले, खालचा चाचपून बघायला लागली. दशी मशीनखाली झोपली होती. टॉवेलात हात हलताना तिनं बघितला. तिला वाटलं असणार, कुणीतरी खेळायला आलं.

अक्काच्या मनगटावर चार भोकं पडली. त्यातल्या दोनांतून रक्त वाहत होतं.

सरकारी दवाखान्यात मीच तिच्याबरोबर रिक्षातून गेले. जाताना तिनं पदराचं टोक मनगटावर दाबून धरलं होतं. इंजेक्शन झालं, पुढच्या इंजेक्शनांच्या तारखांचा कागद मिळाला, तो तिनं कमरेला खोचला. मी मऊ टॉवेल बरोबर आणला होता. तो तिला दिला. काय करावं ते सुचलं नाही म्हणून दिला. परत येताना ती शांतपणे म्हणाली, "सुजाताची आई, मला राग न्हाई. माझा हात म्हातारा हाय, भरून येईल. पन पोर रांगतीय. म्हैनाभर बघ. सुधारली तर राहू दे. न्हाईतर कुत्री तरी जाईल, न्हाईतर तुमी तरी."

ती वाईट बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर दुसरं काय बोलले असते. पण चौदा वर्षं आम्ही त्या खोलीत राहत होतो. आणि दशीला कुठं सोडणार, ज्या रस्त्यावर तिनं एक दिवसही काढला नव्हता?

माझे वडील मेंढरं राखतात. दुधनीच्या बाजूला आमचं गाव. आबांना कुत्र्यांची भाषा येते असं गावात म्हणतात. तिकडं कानडी-मराठी दोन्ही चालतं, माणसांशी मराठी आणि जनावरांशी कानडी असा आबांचा रिवाज. मी फोन केला. मेंढरांची औषधं न्यायला सोलापूरला यायचंच होतं, म्हणून ते आठवड्यात आले. चहा घेतला, उंबऱ्यावर बसले आणि दुपारभर नुसतं बघत राहिले. दशीनं माझा हात धरला, त्यांनी बघितलं. संध्याकाळी ह्यांचा टॉवेलचा खेळ झाला, तोही बघितला. मग दशीनं त्यांच्या घोंगडीचं टोक धरलं. आबांनी ओढून घेतलं नाही. घोंगडी तशीच खाली पडू दिली, "बिडु," म्हणाले, म्हणजे सोड, आणि उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. दशीनं थोडा वेळ घोंगडी हलवून बघितली. कुणी ओढेना, कुणी बघेना. तिनं टोक टाकून दिलं आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली. तेव्हा आबांनी खाली वाकून तिच्या कानामागं खाजवलं.

आबा म्हणाले, "पिल्लाला भावंडं शिकवत्यात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आन खेळ सोडून जातं. चार येळा एकटं पडलं की त्येला कळतं, दात किती दाबायचं. हिला तुमी लई लवकर उचलली. हिला कुनी केकाटून दावलंच न्हाई." मग माझ्या हातांकडं बघून विचारलं, "तुला चावती तवा तू काय करतीस?"

मी म्हणाले, काय न्हाई, हात काढून घेते.

"वरडत न्हाईस?"

"न्हाई."

आबांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "ल्हानपनीबी न्हाई वरडायचीस."

चौथीपर्यंत मी शाळेत गेले, मग मेंढरांच्या मागं. एकदा पायात बाभळीचा काटा मोडला होता. मी दिवसभर कळपामागं चालले आणि कुणाला सांगितलं नाही. रात्री पाय सुजला तेव्हा आबांना दिसला. त्यांना ते आठवत असणार. सुजाताच्या वेळी बाळंतपणातसुद्धा नर्सबाईनं बाकीच्या बायकांना माझं उदाहरण दिलं होतं, बघा, ही कशी शहाणी, आवाज नाही की काही नाही. मला ते शाबासकीसारखं वाटलं होतं. माझ्या न ओरडण्यानं कुणाचं काही नुकसान होत असेल हे माझ्या कधी मनात आलं नाही.

मी म्हणाले, आबा, मला वरडायला येत न्हाई.

"शीक मग," आबा म्हणाले. "पिल्लू शिकतंय, तुला काय झालं?" आणि जाताना सांगून गेले की दात शिवशिवत असतील तर टॉवेल नको, कडक भाकरी दे.

दुसऱ्या दिवशी ह्यांना पाळीवर घालवलं आणि दार लावून मी ओरडायचा सराव केला. आधी तोंडाला टॉवेल लावून, मग नुसतं. आरशात बघितलं तर तोंड उघडलेलं आणि आवाज नाही. दशीला वाटलं मी जांभई देते, तिनंही दिली. दोन दिवस ती चावली की मी "आई गं" म्हणायची, पण ते देवळात म्हणावं तसं निघायचं. ती शेपूट हलवायची. तिसऱ्या दिवशी तिनं अंगठ्याच्या मुळाशी अशी पकड घेतली की आवाज माझा मीच ऐकला. असला आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. नळावरची ती बाई लाटणं घेऊन धावत आली. तिच्यामागं आणखी दोघी. अक्का तिच्या दारातून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दशीनं हात सोडला होता. ती मागं सरून बसली होती, कान पाडून. मी उठले, बायकांना म्हणाले काही नाही, काही नाही, आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. बायकांना वाटलं मला वेड लागलं. थोड्या वेळानं पायाला काहीतरी ओलं लागलं. दशी माझी टाच चाटत होती.

मग ते चांगले दिवस आले. मोजायला गेलं तर फार नव्हते. ती चावली की मी ओरडायची, काम टाकून उठायची, पाठ फिरवायची. शिवायचे टॉवेल पडून राहिले, गठ्ठे दारापर्यंत आले. ती पुन्हा यायची, पुन्हा बघायची. रोज थोडं हलकं. आठ दिवसांत तिचे दात माझ्या कातडीला नुसते टेकायला लागले. बारा-पंधरा दिवसांत ती माझं मनगट तोंडात धरायची आणि तशीच थांबायची, ओल्या गरम पिशवीत हात ठेवल्यासारखं वाटायचं. डोळे वर करून माझ्याकडं बघायची, बरोबर धरलाय ना, असं विचारल्यासारखी. दुपारी उन्हात दोन्ही पायांत कडक भाकरी धरून ती कुडूकुडू चावत बसायची. जखमांवर खपल्या धरल्या. मी गुणगुणायलाही लागले होते, मशीनच्या आवाजाखाली, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

ह्यांना मी सांगितलं की तुम्हीही ओरडा. ते हसले. "मागावर हाताची कातडी मेली अगं. दुखलं तर वरडीन की." मग मी म्हणाले, निदान हाताला टॉवेल गुंडाळू नका. त्यांनी ऐकलं. दोन दिवस पाळीवरून आले, चहा घेतला आणि मोबाईल बघत भिंतीला टेकून बसले. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी दशीनंच तो डागाचा टॉवेल कुठूनतरी ओढून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सणाच्या दिवशी लहान मूल आणखी एक लाडू मागताना बघतं, तसं. "आजच्या दिवस," म्हणाले.

मी परत भाकरीकडं वळले.

नको, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. कुत्रीपुढं ओरडायला मी शिकले होते, माणसापुढं शिकले नव्हते. पाठीमागं ते हसायला लागले, आणि खरं सांगायचं तर ते हसू मलाही हवं होतं. आजच्या दिवसाचा मग रोजचा दिवस झाला. दशीला दोन गोष्टी पाठ झाल्या. आईचा हात हळू धरायचा. टॉवेलातला हात जोरात.

महिना संपायला चार दिवस होते. ऊन चढायला लागलं होतं, सोलापूरची थंडी माघातच दुपारची संपते. मी दशीला सुतळीनं मशीनच्या पायाला बांधून ठेवत होते. तिनं ती सुतळी कधी कुरतडली ते मला दिसलं नाही. पुढच्या अंगणात अक्कानं नातीला उन्हात न्हाऊ घातलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बाजेवर ठेवलं. टॉवेल मीच दिलेला, आमच्या ढिगातला. पोरीनं आत हात हलवले, टॉवेल हलला, आणि दशी माझ्या पायाजवळून निघाली.

मी धावले नाही, धावून पोचलेच नसते. मी ओरडले. अंगठ्याला चावल्यावर निघाला होता त्याहून मोठा आवाज निघाला. दशीनं टॉवेलचं टोक तोंडात घेतलं होतं. ती जागच्या जागी थांबली, टोक सोडलं, कान पाडून माझ्याकडं बघितलं. मला कुठं दुखलं ते शोधत होती. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता. ती हसत होती.

अक्कानं पोरीला उचलून छातीशी धरलं. तिच्या मनगटावरच्या चार खुणा अजून लाल होत्या. ती ओरडली नाही. म्हणाली, "आज तू हितं होतीस, म्हनून सोडलं. उद्या तू नळावर असशील."

मी म्हणाले, तिला गावी आबांकडं धाडते, अक्का. अक्कानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, तुझ्यापाशी गुणाची हाय ती, मी बघतीय की.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. एकदाच सांगितलं आणि त्यांना ऐकू गेलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं." मी नाही म्हणाले नाही. व्हयही म्हणाले नाही. पिल्लू आणलं त्यांनी, टॉवेल गुंडाळला त्यांनी, पण भाकरीकडं वळले ती मी.

आबा फोनवर सांगतात, दशी आता मोठी झाली, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीनं तिला पहिल्याच महिन्यात सरळ केलं. आता कळपाबरोबर असते. "मेंढरात टावेल न्हाई, म्हनून चांगली हाय," म्हणतात आणि हसतात. मी त्यानंतर दोनदा माहेरी जाऊन आले. दोन्ही वेळेला कळप लांब चरायला गेलेला होता आणि मला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, गठ्ठे घरी पडले होते. ह्यांनी तो डागाचा टॉवेल कधी टाकला ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिला न्यायचं त्या दिवशी ते लवकरच पाळीवर निघाले. जाताना दशीपुढं उघडा हात केला. तिनं हात हुंगला, नाकानं उलटवून बघितला, मनगटापर्यंत हुंगलं. टॉवेल शोधत होती. त्यांनी हात खिशात घातला आणि सायकल घेतली.

आबा गावाकडच्या एका पिकअपमधून आले. मागं बाजारातून आणलेली दोन कोकरं बांधलेली होती. दशीला मीच उचलून वर ठेवलं, दुसऱ्या कुणाला तिनं उचलू दिलं नसतं. गळ्यातली दोरी आबांनी फळीला बांधली. मी मागं सरायला गेले तर तिनं माझं मनगट तोंडात धरलं. कोकरं बें बें करत होती, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, अक्का दारात उभी होती, नळावरच्या बायका बघत होत्या. दशी डोळे वर करून माझ्याकडं बघत होती आणि सोडत नव्हती.

"वरड की," आबा म्हणाले. "वरडलीस की सोडंल."

सोडलं असतं. तेवढं तर मी तिला शिकवलंच होतं. पण दात लागत नव्हते, नुसते टेकले होते, जसं शिकवलं तसं. हाताला काहीच दुखत नव्हतं. गाडी सुरू झाली तरी मी तशीच उभी होते, तिच्या तोंडात हात देऊन, आणि ओरडावं असं हाताला काही होत नव्हतं.